‘हॉट रॉड’चा विग्रह कसा करायचा?

शाळेत समास शिकताना ‘पीतांबर’ हा शब्द हमखास भेटतो. ‘पीत असे अंबर’ असा विग्रह केला की तो कर्मधारय समास, आणि अर्थ पिवळं वस्त्र. ‘पीत आहे अंबर ज्याचे तो’ असा केला की बहुव्रीही, आणि अर्थ विष्णू. अक्षरं तीच, पण एकदा कपडा आणि एकदा तो नेसलेला देव. इंग्रजीतल्या ‘हॉट रॉड’ या जोडशब्दाबद्दल कित्येक दशकं चाललेला वाद याच जातीचा आहे. इंग्रजी व्याकरणकारही अशा शब्दांसाठी ‘बहुव्रीही’ हीच आपली संज्ञा वापरतात, त्यामुळे हा वाद मराठीतून समजून घेणं उलट सोपं जातं.

आधी वस्तू पाहू. हॉट रॉड म्हणजे जुनी, बहुतेकदा १९२० ते १९४० च्या दशकांतली अमेरिकन गाडी. तिच्यावरचं अनावश्यक सामान उतरवून तिला हलकं केलेलं असतं आणि इंजिनाची ताकद वाढवलेली असते. शब्दात मात्र गाडी कुठेच नाही. हॉट म्हणजे गरम, रॉड म्हणजे दांडा. गरम दांड्याची गाडी कशी झाली, याची दोन उत्तरं दिली जातात. पहिलं असं की ‘हॉट रोडस्टर’ हा मूळ शब्द बोलता बोलता तुटून ‘हॉट रॉड’ झाला. दुसरं असं की रॉड म्हणजे इंजिनातलाच एखादा दांडा, आणि ‘ज्या गाडीचा दांडा गरम ती’ हॉट रॉड, म्हणजे सरळ बहुव्रीही.

कोणतं उत्तर किती टिकतं हे ठरवायला शब्दकोश पुरत नाही. तो शब्द ज्यांच्या तोंडी होता ती माणसं, त्यांची जागा आणि त्यांची इंजिनं पाहावी लागतात.

जागा म्हणजे दक्षिण कॅलिफोर्निया. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला डोंगर ओलांडले की मोहावी वाळवंट लागतं आणि तिथे कोरडे तलाव आहेत. पावसाळी हिवाळ्यात त्यांच्यात वीतभर पाणी साचतं, वारा ते इकडून तिकडे ढकलतो आणि तळाचा बारीक गाळ सारखा पसरत जातो. उन्हाळ्यात पाणी उडून गेलं की मैलोन् मैल सपाट, कडक जमीन उरते. निसर्गाने दरवर्षी नव्याने सारवून दिलेलं अंगणच. यांतला सर्वांत नावाजलेला तलाव म्हणजे म्युरॉक. या नावाचीही व्युत्पत्ती पाहण्यासारखी आहे. तिथे वस्ती करणाऱ्या कोरम कुटुंबाला टपाल कार्यालयासाठी आपलं आडनाव हवं होतं, पण त्याच्याशी मिळतंजुळतं नाव राज्यात आधीच होतं. मग त्यांनी आडनावाची इंग्रजी अक्षरं उलटी लिहिली. आज हा तलाव एडवर्ड्स हवाई तळाच्या हद्दीत आहे.

१९२० च्या दशकापासून तरुण पोरं आपल्या गाड्या घेऊन या तलावांवर जाऊ लागली. सुरुवातीला अनेक गाड्या एका ओळीत उभ्या करून एकदम सोडत. त्यात सगळ्यांत मोठा धोका धुळीचा होता. पुढच्या गाडीने उडवलेल्या लोटात मागच्याला काही दिसायचं नाही, आणि थांबावं तर आणखी मागून कोणीतरी येतच असायचं. १९३७ मध्ये काही क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी म्युरॉकवर तिची पहिली स्पर्धा झाली. हळूहळू एका वेळी एकच गाडी सोडायची आणि आखलेल्या टप्प्यात तिचा वेग मोजायचा, ही शिस्त रुळली.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने या संघटनेची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. सुरुवातीची बरीच वर्षं तिथे बंद टपाच्या गाड्यांना प्रवेशच नव्हता. धावायचं ते रोडस्टरने, किंवा त्याहून उघड्या, खास बांधलेल्या गाडीने. त्या काळात रोडस्टर म्हणजे दोघांची उघडी गाडी, वर कापडी छत आणि दारांना खालीवर होणाऱ्या काचा नाहीत. ती फोर्डच्या यादीत स्वस्त गाड्यांपैकी होती, सगळ्यांत हलक्या गाड्यांपैकी होती, आणि जुन्या बाजारात पोरांच्या खिशाला परवडणारी होती. म्हणजे ज्या वर्तुळात ‘हॉट रॉड’ जन्मला, तिथे ‘रोडस्टर’ हा उठताबसता वापरायचा शब्द होता. पहिल्या उत्तराच्या बाजूने हा सर्वांत भक्कम पुरावा.

‘रोडस्टर’ शब्द मोटारीच्याही आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात रस्त्याने लांबचा प्रवास करायला चांगल्या घोड्याला रोडस्टर म्हणत. आणि वेगाच्या शब्दांच्या मागे असा घोडा पुन्हा पुन्हा निघतो. ताकद वाढवलेल्या गाडीला ‘हॉट रॉड’च्या आधी वेगळी नावं होती. त्यांतलं एक ‘गाउ जॉब’. जॉब म्हणजे इथे गाडी, आणि ‘गाउ’ हा अमेरिकन बोलीत चिनी भाषेतून आलेला अफूचा शब्द. इंजिन ‘हॉप अप’ करणं असाही प्रयोग होता, आणि ‘हॉप’ म्हणजेही बोलीभाषेत अफूच. ‘सूप अप’ आजही ऐकू येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शर्यतीच्या घोड्याला पळवण्यासाठी जे औषध टोचत त्याला बोलीत ‘सूप’ म्हणत, आणि इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जर या यंत्राच्या नावाने त्या प्रयोगाला पुढे आणखी बळ मिळालं असावं. तीनही शब्दांमागे एकच कल्पना आहे, जनावराला काहीतरी चारून किंवा टोचून त्याच्या स्वाभाविक ताकदीपलीकडे पळवायचं. ‘हॉट’ याच रांगेत येऊन बसतो. तेव्हाच्या बोलीत हॉट म्हणजे तेज, जोरदार, आणि हॉट म्हणजे चोरीचा मालसुद्धा. म्हणजे ‘हॉट’बद्दल फारसा वाद नाही. गाठ आहे ती ‘रॉड’ची.

आता इंजिनाचं झाकण उघडू, कारण दुसऱ्या उत्तराची परीक्षा तिथेच होते.

१९३२ मध्ये फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन दिलं. आठ सिलिंडर, २२१ घनइंच म्हणजे सुमारे ३,६२० सीसी, मिनिटाला ३,४०० फेऱ्यांवर ६५ अश्वशक्ती. याला फ्लॅटहेड म्हणतात, आपल्याकडे साइड व्हॉल्व्ह. यात व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण आत घेणाऱ्या आणि जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपा, सिलिंडरच्या डोक्यावर नसतात, शेजारी ब्लॉकमध्येच उभे असतात, त्यामुळे वरचं हेड म्हणजे जवळपास सपाट झाकण. कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेला दांडा, मधोमध फिरतो आणि टॅपेट नावाच्या छोट्या तुकड्यांमार्फत थेट व्हॉल्व्ह उचलतो.

या इंजिनातून जास्त ताकद काढायची रीत ठरलेली होती. पहिलं काम बोअरिंगचं, म्हणजे सिलिंडर कोरून रुंद करण्याचं. मूळ सिलिंडरचा व्यास ३ पूर्णांक १/१६ इंच. पुढच्या काळातला मोठा ब्लॉक घेऊन तो ३ पूर्णांक ५/१६ इंचांपर्यंत नेला आणि १९४९ च्या मर्क्युरी गाडीचा ४ इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनला तेवढी धाव देणारा, क्रँक बसवला की २७६ घनइंच होतात, म्हणजे सुमारे ४,५२० सीसी. दुसरं काम हवा-इंधनाचं. एका कार्ब्युरेटरऐवजी दोन, बहुतेक वेळा स्ट्रॉमबर्ग ९७. या ९७ ची व्युत्पत्ती अगदी स्वच्छ आहे. त्याच्या अरुंद गळ्याचा व्यास ०.९७ इंच, बस. सगळे शब्द इतके सरळ असते तर हा लेखच लागला नसता. तिसरं काम कॅमचं, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ आणि जास्त उघडे राहतील असा कॅम घासून घेणं. कॅम घासणाऱ्यांत एड विनफिल्ड हे नाव या मंडळींत आदराने घेतलं जाई. चौथं काम कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, वाढवणं.

या चौथ्या कामातच फ्लॅटहेड हात आखडता घ्यायला लावतो. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी असल्यामुळे आत आलेल्या मिश्रणाला व्हॉल्व्हवरून आडवं सरकून सिलिंडरमध्ये उतरावं लागतं. मूळ कॉम्प्रेशन ५.५ ला १. ते ८ ला १ च्या आसपास न्यायचं तर हेडमधली पोकळी लहान करावी लागते, आणि मग तीच आडवी वाट चिंचोळी होते. दाब वाढला पण श्वास कोंडला. यावर उपाय म्हणून व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्यामधला ब्लॉकचा भाग थोडा खोल घासत, त्याला ‘रिलीव्हिंग’ म्हणत. त्याने वाट मोकळी होते, पण घासलेल्या जागेने पोकळी वाढते आणि कष्टाने मिळवलेलं कॉम्प्रेशन थोडं परत जातं. आणि पोर्ट मोठे करताना हात जरा जास्त चालला तर थेट पाण्याच्या जॅकेटला भोक पडतं, ब्लॉक भंगारात.

हे इंजिन गरमही खूप व्हायचं, आणि त्याचं कारण त्याच्या रचनेतच आहे. जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जॅकेटमधून वाट काढत बाहेर पडतो. एका बाजूच्या चार सिलिंडरना बाहेर पडायला तीनच तोंडं असतात, मधल्या दोघांचं तोंड सामाईक. त्यामुळे बरीच उष्णता आधी पाण्यात उतरते. पहिल्या काही वर्षांत पाण्याचे पंप हेडच्या पुढच्या टोकाला होते आणि ते गरम पाणी ओढत. १९३७ मध्ये ते खाली ब्लॉकवर आले आणि थंड पाणी आत ढकलू लागले, तेव्हा फरक पडला. तरी व्हॉल्व्हची बैठक आणि सिलिंडर यांच्यामधल्या पातळ भिंतीला तडा जाणं, हे फ्लॅटहेडचं जुनं दुखणं.

मग ‘हॉट’ म्हणजे खरोखरच तापलेलं इंजिन, आणि ‘रॉड’ म्हणजे कनेक्टिंग रॉड, असं का मानू नये? ऐकायला पटतं. कनेक्टिंग रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा. इंजिन जोरात पळवलं की पहिला बळी त्याचाच जातो. पिस्टन वर जाऊन उलटा फिरतो तेव्हा रॉडवर जो ताण येतो तो फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो. फेऱ्या ३,४०० वरून ५,००० वर नेल्या, म्हणजे दीडपटही नाही, तर ताण दुपटीहून जास्त होतो. सगळ्यांत वाईट क्षण असतो तो जळालेला वायू बाहेर टाकून पिस्टन माथ्यावर पोहोचतो तेव्हाचा. त्या वेळी वरून दाबून धरणारा वायू नसतो आणि रॉडला पिस्टन एकट्याने मागे खेचावा लागतो. जुन्या मॉडेल टी आणि मॉडेल ए गाड्यांत रॉडच्या खालच्या टोकात व्हाइट मेटल ओतलेलं असे, म्हणजे कथिल, अँटिमनी आणि तांब्याचा मऊ मिश्रधातू. तेल मुख्यतः शिंतोड्यांनीच पोहोचायचं. तेल कमी पडलं की तो धातू आधी मऊ पडतो, मग पसरतो, ‘टक टक’ असा जाड आवाज येऊ लागतो, आणि तेव्हाही गाडी थांबवली नाही तर रॉड तुटून ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर येतो.

पण इथेच हा विग्रह अडखळतो. रॉड तापणं ही मोडण्याच्या आदली अवस्था आहे. आपल्या हाताने उभ्या केलेल्या लाडक्या गाडीला कोणी ‘बेअरिंग उडालेली’ असं नाव ठेवत नाही. ‘हॉट’चा अर्थ ‘तेज’ असा घेतला तर कनेक्टिंग रॉड तेज कसा असेल, हा प्रश्न उरतो. चांगला रॉड म्हणजे मजबूत आणि हलका रॉड. वेग तो निर्माण करत नाही, फक्त सोसतो.

कॅमशाफ्टचं तसं नाही. तेज कॅमला इंग्रजीत ‘हॉट कॅम’ म्हणतातच, आणि गाडीचा स्वभाव बदलणारा भाग खरोखर तोच. म्हणून रॉड म्हणजे कॅमशाफ्ट, असंही काही जण सुचवतात. अर्थ जुळतो, शब्द जुळत नाही. कारागीर त्याला कॅम म्हणतात, रॉड म्हणत नाहीत. आणि पुशरॉड, म्हणजे कॅमचा जोर दूरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणारा दांडा, म्हणाल तर फ्लॅटहेडमध्ये पुशरॉड नसतोच, त्याचे व्हॉल्व्ह कॅमच्या थेट वर असतात. मॉडेल टीवर राजो किंवा फ्रॉन्टनॅक या बनावटीची, माथ्यावर व्हॉल्व्ह असलेली हेड बसवत त्यांत पुशरॉड असायचे, पण सगळ्या जातीला नाव पडावं एवढी ती सर्वत्र नव्हती.

म्हणजे पारडं ‘हॉट रोडस्टर’कडे झुकतं. पण तिथेही एक अडचण आहे, आणि ती मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा आधी दिसते, कारण देवनागरीत ती उघड लिहिलेली असते. रोडस्टरमध्ये ‘रो’ आहे आणि रॉडमध्ये ‘रॉ’. रोडस्टर तुटला तर ‘रोड’ उरायला हवा, ‘रॉड’ नव्हे. शब्दाची शेपटी तोडताना लोक उरलेल्या तुकड्यातला स्वर सहसा हलवत नाहीत. लोकल ट्रेनची ‘लोकल’ झाली आणि मोबाइल फोनचा ‘मोबाइल’ झाला, पण कोणाचा उच्चार बदलला नाही.

हा ‘ओ’चा ‘ऑ’ का झाला याचं उत्तर मात्र दुसऱ्या बाजूच्या पुराव्यातच आहे, असं आम्हांला वाटतं. नुसता ‘रोड’ म्हटला तर ऐकणाऱ्याला रस्ता वाटणार. ‘रॉड’ हा शब्द मात्र या पोरांच्या हाताशी होता, तेलाने माखलेला, रोज उच्चारला जाणारा. अर्धवट तुटलेला शब्द जवळच्या ओळखीच्या शब्दाच्या साच्यात जाऊन बसतो, हे सगळ्याच भाषांत घडतं. पोर्तुगीजांच्या अल्फोन्सोचा आपण हापूस केला तेव्हा मराठी जिभेला सोयीचा साचा निवडलाच की. म्हणजे ‘हॉट रोडस्टर’ने अर्थ दिला, ‘रॉड’ने आवाज दिला, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या मनाने विग्रह केला. कागदोपत्री तो क्षण कोणी पकडलेला नाही, त्यामुळे हे मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण जागा, नियम, इंजिन आणि उच्चार या चौघांशी एकदम जमणारं दुसरं उत्तर दिसत नाही.

शब्द छापील स्वरूपात १९४५ च्या सुमारास दिसू लागतो आणि शब्दकोशही साधारण तेच वर्ष देतात. ही वेळ नीट जुळते. दुसरं महायुद्ध संपलं, यंत्रं हाताळायला शिकलेले तरुण सैन्यातून परत आले, जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात मिळत होत्या. तलावांवरची हौस शहरांच्या रस्त्यांवर उतरली, अपघात झाले, आणि वर्तमानपत्रांत ‘हॉट रॉड’ हा शब्द बेफाम पोरांना हिणवण्यासाठी येऊ लागला. तलावांवर शिस्तीत धावणाऱ्यांना तो शब्द लागत असे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिसला या गाड्यांचं प्रदर्शन भरलं आणि त्याच वेळी ‘हॉट रॉड’ याच नावाचं मासिक निघालं. त्याच वर्षी स्टुअर्ट हिलबॉर्न यांनी तलावावर ताशी १५० मैलांचा, म्हणजे सुमारे २४१ किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी रस्त्यावरच्या शर्यती बंद पाडून मुलांना आखलेल्या, देखरेखीच्या पट्टीवर आणण्यासाठी संघटना काढली आणि तिच्या नावातच तो शब्द घातला, नॅशनल हॉट रॉड असोसिएशन. पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची सरळ शर्यत तिने देशभर रुजवली. शिवीसारखा फेकलेला शब्द उचलून अभिमानाने पाटीवर लिहिला गेला, तोही सहा वर्षांच्या आत.

हा आता पक्का सामासिक शब्द झाला आहे याच्या खुणा उच्चारात सापडतात. गरम दांडा म्हणायचा असेल तर इंग्रज माणूस ‘रॉड’वर जोर देतो, गाडी म्हणायची असेल तर ‘हॉट’वर. शिवाय ‘फार हॉट रॉड’ किंवा ‘जास्त हॉट रॉड’ असं गाडीबद्दल म्हणता येत नाही, कारण विशेषण शब्दात विरघळून गेलं आहे. आपल्या गोडेतेलासारखंच. त्यात गोडवा किती, असं कोणी विचारत नाही.

आणि एकदा लोकांनी ‘रॉड म्हणजे गाडी’ असा विग्रह मनात पक्का केल्यावर तो तुकडा सुटा होऊन नवे शब्द तयार करू लागला. हॅम्बुर्ग शहराच्या नावावरून आलेल्या हॅम्बर्गरचं असंच झालं. लोकांनी तो चुकीच्या जागी तोडला आणि चीजबर्गर तयार झाला. रोज रस्त्यावर चालवायची जुनी गाडी ती ‘स्ट्रीट रॉड’, आणि १९७० मध्ये तिचीही राष्ट्रीय संघटना झाली. मुद्दाम गंजकी, रंग न दिलेली ठेवतात ती ‘रॅट रॉड’. आज अमेरिकेतल्या कुठल्याही मेळाव्यात १९३२ ची बंद टपाची, काचा वर केलेली, आत एसी बसवलेली फोर्ड कूपे उभी असते आणि मालक तिला रॉड म्हणतो. १९३८ साली म्युरॉकवर तिला धावायला मिळालं नसतं, कारण ती रोडस्टर नव्हती.